घंटेवरचे नाव

सातपूरला आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी अभ्यासवर्ग भरतो. पाळ्या सांभाळून येणारे कामगार, कॉलेजात जाणारी मुले-मुली, आम्ही दोन-चार शिक्षक, असा हा मेळा. एका रविवारी मी गुलामांच्या जहाजांविषयी बोललो. बोलणे संपल्यावर मागच्या बाजूला बसलेला एक तरुण उठला. रात्रपाळी करून तो तसाच आला होता, डोळे तांबारलेले होते. तो म्हणाला, "सर, तीनशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या किनाऱ्याला इंग्रजांचे एक जहाज बुडाले. त्याचे आम्ही काय करायचे? आमच्या गावकुसाबाहेरच्या माणसांचा इतिहास अजून धड लिहून झालेला नाही."

प्रश्न रास्त होता. मी त्या वेळी 'जगातले सगळे शोषित एकच' अशा थाटाचे काहीतरी उत्तर दिले. घरी आल्यावर ते उत्तर माझे मलाच पोकळ वाटू लागले. 'सगळे शोषित एकच' ही घोषणा आहे. इतिहास हा तपशिलांचा असतो. तो तपशील शोधू लागलो, तेव्हा समुद्रातल्या त्या जहाजाची वाट माझ्याच शहरातून, सातपूरहून गावात जाताना लागणाऱ्या एका वस्तीतून जाते, असे दिसले. त्या तरुणाला द्यायचे राहून गेलेले उत्तर येथे मांडतो आहे.

१

त्या जहाजाचे नाव 'हेन्रिएटा मेरी'. लंडनहून निघणारे, सुमारे १२० टनांचे, बेताच्या आकाराचे व्यापारी जहाज. १६९९ साली ते आपल्या दुसऱ्या गुलामफेरीवर निघाले. त्या काळी या धंद्याची वाट त्रिकोणी असे. इंग्लंडहून लोखंडी कांबी, जस्ती-कथलाची भांडी, काचेचे मणी असा माल भरायचा. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो देऊन माणसे घ्यायची. ती माणसे वेस्ट इंडीजच्या बेटांवर विकायची, आणि त्या पैशातून साखर, कापूस, नीळ घेऊन लंडनला परतायचे. कुठल्याच टप्प्यावर गलबत रिकामे जाऊ द्यायचे नाही, हे त्या हिशेबाचे सूत्र होते.

मे १७०० मध्ये 'हेन्रिएटा मेरी' जमैकाला पोचले आणि तेथे १९० माणसांची विक्री झाली. मग परतीचा माल भरून ते निघाले. फ्लॉरिडाच्या दक्षिणेला, की वेस्ट बेटाच्या पश्चिमेस, समुद्रात बुडालेल्या प्रवाळ खडकांची एक रांग आहे. बहुधा वादळात सापडून जहाज त्या खडकांवर गेले आणि फुटले. त्यावरचे कोणीही वाचले नाही. बुडाले तेव्हा जहाजावर गुलाम नव्हते. ते विकले गेले होते. बुडाले ते खलाशी, साखर, आणि पुढच्या फेरीसाठी जपून ठेवलेल्या रिकाम्या बेड्या.

या बेड्या पावणेतीनशे वर्षे वाळूत पडून होत्या. १९७२ साली दुसऱ्याच एका, सोन्याचांदीने भरलेल्या स्पॅनिश जहाजाचा शोध घेणाऱ्या पाणबुड्यांच्या हाती त्या लागल्या. सोने नव्हते, म्हणून शोधणाऱ्यांनी ती जागा तशीच सोडून दिली. खरे उत्खनन पुढे १९८३ मध्ये झाले. त्यात जहाजाची काशाची घंटा निघाली. तिच्यावर 'द हेन्रिएटा मेरी, १६९९' अशी अक्षरे आहेत. त्या घंटेमुळेच जहाजाची ओळख पटली. बेड्यांच्या ऐंशीहून अधिक जोड्या निघाल्या. त्यांत काही इतक्या अरुंद आहेत, की त्या लहान मुलांच्या किंवा बारीक हाडाच्या बायकांच्या मनगटांसाठी घडवल्या होत्या हे पाहताक्षणी कळते.

येथे मी थांबलो. जहाजाला नाव होते, ते घंटेवर ओतले होते, आणि समुद्रालाही ते पुसता आले नाही. जमैकाला विकलेल्या १९० माणसांनाही नावे होती. त्यांच्या आयांनी ती ठेवली होती. त्यांतले एकही कुठल्या धातूवर नाही. त्यांच्यासाठी फक्त आकडा आहे.

या आकड्यांची बेरीजही आता अभ्यासकांनी केली आहे. चार शतकांत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अटलांटिक ओलांडण्यासाठी जहाजांवर चढवलेली माणसे सुमारे सव्वा कोटी. पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली ती सुमारे १ कोटी ७ लाख. मधली अठरा लाख माणसे वाटेतच संपली. त्यांना दफन नाही, दहन नाही, दगड नाही.

आणि जी जहाजे माणसांसह बुडाली त्यांची कथा आणखी वेगळी. २७ डिसेंबर १७९४ रोजी पोर्तुगिजांचे 'साओ जोझे' हे जहाज केप टाउनजवळ वाऱ्याच्या तडाख्यात खडकांवर आपटले. मोझांबिकहून पाचशेवर माणसे कोंबून ते ब्राझीलला निघाले होते. त्यांतली २१२ बुडून मेली. वाचली त्यांना किनाऱ्यावर ओढून काढले आणि काही दिवसांतच तेथेच विकून टाकले. बुडणाऱ्याला हात देणे हे माणुसकीचे काम असते. येथे तो हात मालाची नुकसानी वाचवणाऱ्याचा होता. त्या जहाजाच्या नोंदीत लोखंडाच्या १४०० लगडी आहेत. त्या विकायला नव्हत्या. माणसाच्या देहाला धान्याच्या पोत्याएवढे वजन नसते आणि तो हलतो, म्हणून जहाजाचा तोल सांभाळायला तळाशी हे लोखंड भरत. त्या लगडी समुद्रतळाशी सापडल्या, आणि लिस्बनच्या दप्तरातल्या नोंदीशी जुळल्या, तेव्हा २०१५ साली त्या जहाजाची ओळख जाहीर झाली.

मोझांबिक हे नाव ऐकले की आपण सावध व्हायला हवे. कारण त्या किनाऱ्यावरून माणसे फक्त ब्राझीललाच जात नव्हती. गोव्याला, दमणला, दीवलाही जात होती. येथे अटलांटिकची गोष्ट संपते आणि आपल्या समुद्राची गोष्ट सुरू होते.

२

अरबी समुद्रावरचा गुलामांचा व्यापार युरोपीय येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा. आपल्या मातीत त्याच्या खुणा जागोजागी आहेत. अहमदनगरची निजामशाही ज्याने वर्षानुवर्षे मोगलांपासून राखली आणि ज्याच्या जमीन-महसुलाच्या व्यवस्थेचे कौतुक आपली पाठ्यपुस्तके करतात, तो मलिक अंबर हबशी होता. लहानपणी गुलाम म्हणून हातोहात विकला गेलेला. जंजिऱ्याचे सिद्दीही मूळचे आफ्रिकेचे. अठराव्या शतकात, म्हणजे लंडन-लिव्हरपूलची जहाजे ऐन जोरात असताना, आपल्याकडे पेशव्यांच्या दप्तरात कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी होत होत्या. कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको नव्हे, दासी, बटीक. तिला किंमत असे, तिच्या हस्तांतराचे कागद होत. तेव्हा गुलामगिरी हे केवळ गोऱ्यांचे पाप आणि आपण त्यापासून अलिप्त, असा देखावा आपल्या इतिहासकारांनी करू नये.

एकोणिसाव्या शतकात या समुद्रावरच्या व्यापाराचे केंद्र झांझिबार होते. आफ्रिकेच्या आतल्या भागातून, न्यासा सरोवराच्या आसपासच्या मुलखातून पकडून आणलेली माणसे झांझिबारच्या बाजारात विकली जात आणि अरबी गलबतांतून अरबस्तान, इराणचे आखात, कच्छ-काठेवाड अशी पांगत. या व्यवहारात पैसा कोणाचा होता? झांझिबारच्या जकातीचा मक्ता दीर्घकाळ जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे होता. सावकारी हिंदी व्यापाऱ्यांची होती. तेथल्या हिंदी घरांमध्ये आणि मळ्यांवर गुलाम इतके होते, की १८६० साली इंग्रज वकील रिग्बी याने हिंदी लोकांनी गुलाम बाळगू नयेत असा हुकूम काढला, तेव्हा हजारो माणसे मोकळी करावी लागली. ज्या समाजाने समुद्र ओलांडणे हे पातक ठरवले होते, त्याच समाजातल्या सावकाराने समुद्रापलीकडच्या माणसांच्या खरेदीला पैसा पुरवला. हा विरोधाभास नाही. शिवाशिव माणसाची होते, पैशाची होत नाही, हे तर आपण गावोगाव पाहिलेले आहे.

इंग्रजांनी स्वतःच्या जहाजांवरचा हा धंदा १८०७ साली कायद्याने बंद केला. १८३३ च्या कायद्याने आपल्या वसाहतींतल्या गुलामांची सुटका जाहीर केली, पण कंपनीचा हिंदुस्थान त्यातून वगळला. आणि त्या सुटकेपोटी दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती कोणाला? मालकांना. ज्यांच्या पाठी फुटल्या त्यांना दमडी मिळाली नाही. हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने कोर्टांनी गुलामीचा हक्क मान्य करणे थांबवले. मग इंग्रजी आरमाराची जहाजे अरबी समुद्रात गुलामांची गलबते अडवू लागली, आणि एक नवा प्रश्न उभा राहिला. सोडवलेल्या या माणसांचे, विशेषतः मुलांचे, करायचे काय? त्यांची गावे जळालेली, आईबाप मेलेले वा विकलेले, परत सोडावे तर पुन्हा पकडले जाणार. त्यांना मुंबई बंदरात उतरवीत. काहींना घरोघर कामाला ठेवीत, काहींना मिशनांच्या हवाली करीत.

त्यांतली पुष्कळ मुले नाशिकला आली.

३

सातपूरहून त्र्यंबक रस्त्याने गावाकडे निघालात की काही किलोमीटरांवर शरणपूर लागते. आज शरणपूर रोड म्हणजे दुकाने, बँका, क्लासेस, वाहनांची गर्दी. या नावाचा अर्थ विचारावा असे फारसे कोणाला वाटत नाही. मीही वर्षानुवर्षे त्या रस्त्याने गेलो आणि कधी विचारला नाही. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास ही ख्रिस्ती वसाहत वसवली. शरण आलेल्यांचे गाव ते शरणपूर. तेथे आफ्रिकन मुलांसाठी आश्रम निघाला. मुलांना लिहायला-वाचायला शिकवीत आणि सुतारकी, लोहारकी अशी हातची कामे शिकवीत. आज सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर आणि भट्टीवर आमची पोरे राबतात. त्यांच्या दीडशे वर्षे आधी याच पंचक्रोशीत न्यासाकाठची मुले ऐरणीवर घण घालायला शिकत होती. बाजारात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि झोपेत बहुधा आईची भाषा, असे त्यांचे आयुष्य असणार.

त्यांना नवी नावे मिळाली. याओ जमातीचा चेंगविंबे नावाचा मुलगा 'मॅथ्यू वेलिंग्टन' झाला. दुसरा एक 'जेकब वेनराइट' झाला. कोणी 'एडवर्ड गार्डनर', कोणी 'विल्यम जोन्स'. चेंगविंबे खूप जगला, म्हातारपणी त्याची हकीगत कोणीतरी लिहून घेतली, म्हणून त्याचे मूळ नाव आपल्याला ठाऊक आहे. बाकीच्या बहुतेकांचे नाही.

हे वाचताना मला आमच्या घरातली नावे आठवली. आमच्या वंशावळीत आजोबा-पणजोबांची नावे कचरा, दगड, केर यांवरून पडलेली आहेत. मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये म्हणून असली नावे ठेवीत, असे म्हातारी माणसे सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पण चांगले नाव ठेवले तरी गावाने ते उच्चारले नसते, हेही तितकेच खरे आहे. माझ्या वडिलांचे घरचे नाव चांगले होते. शाळेत दाखल करताना मास्तरांनी ते ऐकून घेतले आणि हजेरीत त्याची मोडतोड करून एक हलके रूप लिहिले. ते त्यांच्या पेन्शनच्या कागदांपर्यंत तसेच चालत आले. शरणपूरच्या मुलांना नाव देणाऱ्यांचा हेतू कदाचित प्रेमाचा असेल, मास्तरांचा तुच्छतेचा होता. पण नाव देण्याचा अधिकार दोन्हीकडे दुसऱ्याच्याच हातात होता.

शरणपूरच्या शाळेशेजारी आणखी एक सन ठेवून पाहिला पाहिजे. शरणपूर वसले त्याच सुमारास, १८५६ साली, याच मुंबई इलाख्यात धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. त्याने सरकारकडे अर्ज केला. सरकारने त्याची बाजू न्याय्य असल्याचे मान्य केले, आणि तरीही स्पृश्यांच्या रोषाचा विचार करून प्रवेश दिला नाही. बाबासाहेबांनी या प्रकरणाची आठवण आपल्या लेखनात पुन्हा पुन्हा करून दिली आहे. म्हणजे समुद्रापलीकडून साखळीत आलेल्या मुलासाठी नाशिकमध्ये शाळेचे दार उघडले होते, आणि पिढ्यान् पिढ्या याच भूमीवर राबणाऱ्याच्या मुलासाठी सरकारी शाळेचे दार बंद होते. आफ्रिकन मुलांना मिळाले त्याचा मला हेवा नाही. ते त्यांचे हक्काचे होते. पण गुलामाची बेडी डोळ्यांना दिसते म्हणून ती तोडायला आरमार निघते. अस्पृश्याची बेडी दिसत नाही, म्हणून तिच्यापुढे सरकारही हात जोडते. गुलामगिरी उघड असते आणि अस्पृश्यता छुपी, म्हणूनच ती अधिक चिवट, हे बाबासाहेबांचे निदान या दोन सनांतून सिद्ध होते. गुलामात मालकाचे भांडवल गुंतलेले असते, म्हणून निदान त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ असतो. अस्पृश्य मेला तर कोणाचेच भांडवल बुडत नाही.

४

डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा प्रसिद्ध प्रवासी १८६४ साली आपली छोटी आगबोट घेऊन झांझिबारहून मुंबईला आला. पावसाळा तोंडावर होता, बोट सरोवरात चालण्याजोगी, खलाशी थोडे. सुसी आणि चुमा हे आफ्रिकन सोबती त्या प्रवासात होते. चुमा हा १८६१ मध्ये गुलामांच्या साखळीतून सोडवलेला मुलगा. त्याला आणि वेकातानीला मुंबईला डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले. पुढच्या वर्षी लिव्हिंग्स्टन परत आला, आणि नव्या मोहिमेसाठी त्याने शरणपुरातून नऊ तरुण निवडले. जानेवारी १८६६ मध्ये ते मुंबईहून निघाले. प्रवासवर्णनांत त्यांचा उल्लेख 'नासिक बॉइज' असा येतो. ज्या शहराचे नाव आपण गोदावरी आणि कुंभमेळ्याशी जोडतो, ते नाव आफ्रिकेच्या अंतर्भागात या काळ्या तरुणांनी नेले.

ते गेले कोणत्या नात्याने? हमाल, दुभाषे, नोकर म्हणून. ज्या मुलखातून त्यांना लहानपणी साखळीत बांधून आणले होते, त्याच मुलखात ते ओझे वाहत परत गेले. काही पळाले, काही आजारी पडून मेले, काही वाटेतच आपल्या माणसांत मिसळून गेले. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत त्यांच्याविषयी तक्रारी पुष्कळ आहेत. त्यांच्या बाजूच्या तक्रारी मात्र कोणी लिहिल्या नाहीत. पळालेल्याला इतिहास बेइमान म्हणतो. मी म्हणतो, त्याला त्याचे गाव ओळखू आले असेल.

१८७२ मध्ये शरणपूरची आणखी एक तुकडी जाऊन मिळाली. तिच्यात जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन होते. १ मे १८७३ च्या सुमारास चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. त्या अरण्यात एकही गोरा माणूस नव्हता. निर्णय या काळ्या माणसांनी घेतला. त्यांनी त्याचे काळीज तेथल्या झाडाखाली पुरले, जेकबने प्रार्थना वाचली, देह मिठाने आणि उन्हाने वाळवला, आणि नऊ महिने, हजार मैलांहून अधिक अंतर, दुष्काळ, रोगराई आणि वाटेवरच्या गावांचा विरोध सोसत, तो किनाऱ्यावर बागामोयोला पोचवला. त्या काफिल्यात बायकाही होत्या. हलीमा ही स्वयंपाक करणारी त्यांतली एक. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्ययात्रा निघाली, तेव्हा शवपेटीला हात लावून चालणाऱ्यांत शरणपूरच्या शाळेत शिकलेला जेकब वेनराइट होता. साम्राज्याने आपल्या थोर पुरुषाची दोर दाखवली. ती ज्याच्या खांद्यावरून आली त्याला थोडा वेळ मिरवले, आणि विसरून गेले.

पण दोन गोष्टी उरल्या. जेकब दैनंदिनी लिहीत होता. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूवेळचे एका आफ्रिकनाच्या हातचे ते लेखन आज स्कॉटलंडमध्ये ब्लँटायरच्या संग्रहालयात आहे. आणि दुसरी गोष्ट ते झाड. जेकबने त्याच्या खोडावर अक्षरे कोरली. पुढे खोडाचा तो भाग कापून लंडनला नेला. त्यावर लिव्हिंग्स्टनचे नाव आहे, तारीख आहे, आणि खाली काफिल्यातल्या सोबत्यांची, आफ्रिकन माणसांची, आफ्रिकन नावेही आहेत. मालकाच्या नावाखाली का होईना, पण तेथे ती आहेत. 'हेन्रिएटा मेरी'च्या घंटेवर जे नव्हते ते या लाकडावर आले, कारण ती अक्षरे कोरणारा हात लिहायला शिकला होता.

याच १८७३ साली आणखी काय घडले? जूनमध्ये झांझिबारच्या सुलतानाने करार करून गुलामांचा बाजार बंद केला. त्या करारासाठी गेलेला सर बार्टल फ्रियर हा पूर्वी मुंबईचा गव्हर्नर होता. आणि पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्यांना दास्यातून मुक्त केले, त्यांना ती अर्पण केली. त्यांचे अनुकरण करून आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांनाही भटशाहीच्या दास्यातून सोडवावे, अशी अपेक्षा तीत होती. सप्टेंबरात सत्यशोधक समाज उभा राहिला. जोतीरावांना चितांबोच्या झाडाची खबर असणे शक्य नव्हते. पण 'गुलाम' हा शब्द त्यांनी अतिशयोक्ती म्हणून वापरला, असे जे म्हणतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की त्या वर्षी प्रत्यक्ष सोडवलेले गुलाम याच महाराष्ट्रात, नाशिकला राहत होते. जोतीरावांचा शब्द हवेतला नव्हता.

५

१८७४-७५ मध्ये प्राइस मोंबासाला गेले आणि मुक्त गुलामांची नवी वसाहत वसली. फ्रियरच्या नावावरून ती 'फ्रियरटाउन'. शरणपुरातून सुमारे दीडशे आफ्रिकन तिकडे गेले. तेथे त्यांना 'बाँबे आफ्रिकन' म्हणत. शिक्षक, सुतार, लोहार, धर्मोपदेशक म्हणून त्यांनी ती वसाहत चालवली.

तेथे एक घंटा बसवली गेली. ती नुसती प्रार्थनेसाठी नव्हती. गुलाम पकडणाऱ्यांची टोळी येताना दिसली की ती वाजवायची आणि वस्तीने सावध व्हायचे. त्या जागेला आजही 'केंगेलेनी' म्हणतात. स्वाहिलीत 'केंगेले' म्हणजे घंटा.

या वस्त्यांतला एक माणूस मला विशेष जवळचा वाटतो, तो विल्यम जोन्स. नाशिकला शिकलेला. १८६४ मध्येच मोंबासाजवळ राबाईला पाठवलेला. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टनची युगांडाच्या वाटेवर हत्या झाली, तेव्हा उरलेली माणसे परत आणणारा. जोन्स राबाईला असताना आसपासच्या मळ्यांतून पळालेले गुलाम आसऱ्याला येऊ लागले. कायदा मालकांच्या बाजूचा होता आणि मिशनच्या वरिष्ठांची पळून आलेल्यांना ठेवण्यास मनाई होती. राबाईने ते ठेवून घेतले. दहा-वीस नव्हेत, शेवटी मोजदाद झाली तेव्हा फ्रियरटाउन-राबाई धरून चौदाशेच्या आसपास माणसे निघाली. १ जानेवारी १८८९ रोजी त्यांना मुक्ततेचे कागद मिळाले. त्या वेळीही भरपाई गेली ती मालकांच्याच खिशात.

शरणपूर या शब्दाचा अर्थ मला येथे कळला. नाशिकला तो अर्थ उपकाराचा होता: कोणीतरी देतो, कोणीतरी घेतो. राबाईला तो बदलला. ज्याला एकदा शरण यावे लागले होते, त्यानेच वरच्यांची मनाई झुगारून दुसऱ्यासाठी दार उघडले. दया आणि मुक्ती यांतला फरक हाच. दयेचे दार दुसरा उघडतो. मुक्तीची किल्ली आपल्या हाती येते, आणि ती आली की आपल्यामागून धावत येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवावे लागते. आमच्यातल्या शिकलेल्यांनी, पगारदारांनी, वसाहतीत फ्लॅट घेऊन वस्तीकडे पाठ फिरवणाऱ्यांनी, आणि त्यांत मीही आलो, जोन्सपुढे उभे राहून स्वतःला तपासावे.

शरणपूरहून गोदावरीच्या पलीकडे पंचवटीत काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे त्याच्या दारांशी गेली. दारे बंद झाली. सत्याग्रह पुढे काही वर्षे चालला. आतली घंटा आमच्या हाताला लागली नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केले, की आता तिची गरज नाही. त्याच १९३५ साली मोंबासात म्हातारा मॅथ्यू वेलिंग्टन वारला. लिव्हिंग्स्टनच्या काफिल्यातला शेवटचा माणूस, चेंगविंबे. त्याला दुसऱ्याने दिलेले नाव आणि धर्म घेऊन जगावे लागले. येवल्याला आम्ही ठरवले की आपला धर्म आपण निवडू. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रसंघापुढील अर्जाची चौकशी केली. 'हेन्रिएटा मेरी'च्या बेड्या वर आल्या त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि तिने आपले नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीकडून घेतले. ते नाव मात्र आम्हाला कोणी दिलेले नव्हते.

१९९३ साली अमेरिकेतले काळे पाणबुडे फ्लॉरिडाच्या त्या खडकांजवळ समुद्रात उतरले. त्यांनी तळाशी एक स्मृतिफलक बसवला. त्याचे तोंड आफ्रिकेकडे आहे. जे सापडले नाहीत त्यांच्यासाठी तेवढेच करता येण्यासारखे होते, आणि ते त्यांच्या वंशजांनी स्वतः केले.

आपल्याकडे काय करता येईल? सातपूरच्या दक्षिणेला त्रिरश्मी लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, कारण नावे चोरण्याची कला आपल्याकडेही जुनी आहे. तेथे राजांचे, राण्यांचे मोठमोठे लेख आहेत. आणि एका लहान लेण्यावर मुगुदास नावाच्या, बहुधा कोळी असलेल्या, उपासकाचे नाव आहे. आपल्या कुटुंबासह त्याने ते दान दिले. अठराशे वर्षांवर काळ लोटला. त्याच्या राजाच्या लेखाइतकाच त्याचा लेख शाबूत आहे. बुद्धाच्या संघात कोळ्याचे नाव दगडावर येऊ शकत होते. माझ्या वडिलांचे नाव शाळेच्या हजेरीत धड येऊ शकले नाही.

पुढच्या रविवारी मी त्या तरुणाला हे सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "शरणपुरातली ती पोरे कुठल्या कुठल्या नावांची होती, याची यादी कुठे मिळेल का?" मी म्हटले, जेवढी छापली गेली तेवढी मिळेल. तो म्हणाला, "मग ती करू. आणि सोबत आपल्या वस्तीतल्या पहिल्या पिढीचीही. कोण कुठल्या गावाहून आले, खरे नाव काय होते, कागदावर काय पडले."

आता दर रविवारी वर्ग संपला की दोघे-तिघे वही घेऊन घरोघर जातात. म्हाताऱ्या बायका आधी हसतात, "आमचं नाव कशाला पायजे रे बाबा?" मग जरा वेळाने सांगतात. आजवर वहीची चाळीस पाने भरली आहेत. पहिल्या पानावर चेंगविंबे आहे.